पुष्टीची विद्या आणि स्थौल्याचा प्रश्न

प्रत्येक काळ मनुष्याच्या देहाकडून कांहीं एक अपेक्षा करीत असतो, आणि त्या काळचे आहारविचार व व्यायामपद्धति त्या अपेक्षेस अनुसरूनच घडत असतात. आमच्या आजोबांच्या पिढीची अपेक्षा देह भरावा, दंड पिळदार व्हावेत, मुलाच्या अंगावर मांस चढावें अशी होती. सासरीं गेलेली मुलगी चार महिन्यांनीं माहेरीं आली म्हणजे 'अंगानें सुधारली' हे शब्द कौतुकाचे असत, आणि 'वाळली' हा शब्द काळजीचा असे. आज त्याच घरांतील नातू आणि नातसून सकाळीं उठून वजनाच्या कांट्यावर उभीं राहतात, आणि आंकडा चढला असेल तर दिवसभर खिन्न असतात. हें परिवर्तन महाराष्ट्रांत सर्वत्र झालें आहे. पण पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांत तें इतक्या थोड्या अवधींत घडलें कीं, त्याचे टप्पे सनावळीनें दाखवितां येतात. ते दाखविण्याचें प्रयोजन केवळ जिज्ञासा हें नव्हे. वजन उतरविण्यासाठीं काय खावें व कोणता व्यायाम करावा हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. आणि त्याचीं जीं उत्तरें आपण परंपरेनें देतों, तीं बहुधा दुसऱ्याच प्रश्नाचीं उत्तरें असतात.

स्थौल्य हा विकार आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हता असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंद्य देहप्रकारांचा एक अध्याय आहे, आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा तेथें विस्तारानें विचार केला आहे. अति आहार, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप आणि निश्चिंतता हीं स्थौल्याचीं कारणें. आयुष्य घटणें, हालचाल मंदावणें, दौर्बल्य, घाम, अनावर भूक व तहान हे त्याचे परिणाम. उपचार सांगतांना जव, मूग, कुळीथ, ताक व मध यांची योजना केली असून, पचावयास जड पण पोषणास हलकें असें अन्न स्थूल मनुष्यास द्यावें, हें तत्त्व मांडलें आहे. भूक भागावी पण मेद वाढूं नये, हा त्यांतील आशय आजच्या आहारशास्त्रासही मान्य होण्यासारखा आहे. तथापि हा विकार त्या काळीं थोड्यांचाच होता. ज्यास दिवसा झोंपण्याची सवड आणि रोज स्निग्ध खाण्याची ऐपत, त्याचा हा रोग. नांगर धरणाऱ्यास, पाणी वाहणाऱ्या बाईस, जात्यावर बसणाऱ्या सुनेस तो होण्याची संधीच नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांत व्यायामाची जी लाट उठली, तिचा रोख म्हणूनच स्थौल्याकडे नव्हता. तो दौर्बल्याकडे होता. राज्य गेलें, दुष्काळ आले, प्लेग आला. आपण दुबळे झालों म्हणून परतंत्र झालों, ही भावना सुशिक्षितांच्या मनांत खोल रुजली होती. चिंचवडच्या चाफेकर बंधूंनीं पुण्यांत तरुणांना शारीरिक व लष्करी शिक्षण देण्यासाठीं मंडळ काढलें, आणि २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्या घरांत दंड-बैठकांचा अर्थ काय होता, हें निराळें सांगावयास नको. पुढें १९०४-०५ च्या सुमारास सुप्रसिद्ध सँडो हिंदुस्थानांत येऊन गेला आणि त्याच्या डंबेल्सची मोहिनी आमच्या तरुणांवर पडली. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं प्रथम सँडोचीच पद्धति अनेक वर्षें आचरिली, व नंतर ती सोडून सूर्यनमस्कारांचा अंगीकार केला. (हें औंध सातारा जिल्ह्यांतील; पिंपरीच्या वाटेवरील पुण्यालगतचें औंध निराळें.) त्यांनीं संस्थानच्या शाळांतून नमस्कार सुरू केले, आणि १९२८ सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तकही लिहिलें. १९२४ हें वर्ष तर या इतिहासांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या एकाच वर्षीं पुण्यांत कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापिलें, आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधाम आश्रम काढून आसनें व प्राणायाम यांच्या शास्त्रीय प्रयोगांस आरंभ केला. पुणें-मुंबई रस्त्यानें जाणारा प्रवासी त्या काळीं पिंपरी व चिंचवड या खेड्यांवरून पुढें लोणावळ्यास पोंचत असे. वाटेवर शेतें होतीं, पवना नदी होती, मोरया गोसावींचें देवस्थान होतें, आणि स्थूल मनुष्य क्वचितच दृष्टीस पडत असेल.

या चळवळीनें महाराष्ट्रास पुष्कळ दिलें. परंतु तिनें जी विद्या दिली ती पुष्टीची विद्या होती, हें येथें ध्यानांत धरलें पाहिजे. तालमींतील पोर जोर-बैठका काढून घामाघूम झाला कीं त्यास 'खुराक' हवा. दूध, तूप, बदाम, केळीं हीं त्याचीं अंगें. व्यायाम भूक वाढविण्यासाठीं, आणि वाढलेली भूक अंग भरण्यासाठीं, असें तें चक्र होतें. मांस कमी असलेल्या देहास हें चक्र वरदान होतें. ज्या देहावर मेद अगोदरच सांचला आहे त्यास तेंच चक्र लावलें म्हणजे काय होतें, याचा दाखला त्याच शतकांत लंडनमध्यें घडला होता.

विल्यम बँटिंग नांवाचा एक प्रतिष्ठित लंडनकर गृहस्थ वयाच्या सासष्टाव्या वर्षीं इतका स्थूल झाला कीं, त्यास स्वतःच्या बुटाचे बंद बांधतां येईनात. उंची पांच फूट पांच इंच, वजन २०२ पौंड. तत्पूर्वीं वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें रोज सकाळीं नाव वल्हविण्याचा व्यायाम केला होता. त्यानें स्नायूंस बळ आलें, पण भूक इतकी खवळली कीं वजन उलट वाढलें. शेवटीं एका वैद्यानें त्याचे पाव, साखर, बिअर व बटाटे तोडले, आणि सुमारें एका वर्षांत त्याचें ४६ पौंड वजन उतरलें. १८६३ सालीं त्यानें हा अनुभव एका लहानशा पत्रवजा पुस्तकांत छापला. एका मनुष्याच्या अनुभवावरून शास्त्र बनत नाहीं हें खरें. पण व्यायामानें भूक वाढते आणि ती भूक मोकळी सोडली तर व्यायामाचें फळ तीच खाऊन टाकते, एवढी गोष्ट त्या वृद्धानें नेमकी हेरली होती. आमच्या व्यायामशाळांस ती हेरण्याचें कारण त्या वेळीं नव्हतें.

तें कारण उत्पन्न झालें तें स्वातंत्र्यानंतर. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. १९६० नंतर आकुर्डीचे मोटार-कारखाने उभे राहिले. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. १९६६ सालीं टेल्कोनें पिंपरीस आपलें ठाणें मांडलें. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ सालीं महानगरपालिका. त्यानंतर ही लाट उत्तरेस चाकणकडे सरकली. ज्या चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या सैन्यापुढें सुमारें दोन महिने लढविला, आणि ज्याचें नांव पुढें कांद्याच्या बाजारासाठीं गाजलें, तेथें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत देशोदेशींच्या मोटारींचे कारखाने आले.

या सनावळीचा मनुष्याच्या कमरेशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध फार निकटचा आहे. पहिल्या पिढीच्या कामगारास खेड्यांतून स्टेशनापर्यंत चालावें लागे, कारखान्यांत ओतकामाच्या भट्टीपुढें किंवा हातयंत्रापुढें आठ तास उभें राहावें लागे, आणि सुट्टीस गांवीं जाऊन शेत करावें लागे. दुसऱ्या पिढीस कंपनीची बस दाराशीं येऊं लागली. तिसऱ्या पिढींत जोडकाम यंत्रमानव करूं लागला आणि त्याच्यासमोर पडद्यावर लक्ष ठेवून बसणें हें काम झालें. गांवची जमीन तोंवर बहुधा संपादनांत गेलेली असते. वाहतुकीची कथाही तीच. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ख्यात होतें. पिंपरीकडे कामास जाणारे कितीएक लोक सायकलीनें जात. तीच सायकल ज्या स्कूटरनें हटविली ती आकुर्डीसच बनत होती; १९७२ सालीं निघालेल्या 'चेतक'साठीं तर लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहत. या नगरीनें देशास वाहनें दिलीं आणि त्यांचें मोल आपल्या पायांनीं चुकविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रम असे उतरत गेले. ताट मात्र उतरलें नाहीं. अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह असावें अशी तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यांत होती, आणि ती न्याय्यच होती. भुकेल्या कामगारास स्वस्त व ऊन अन्न मिळालें. पण भट्टीपुढें उभा राहणारा आणि कचेरींत बसणारा या दोघांच्या थाळीस एकच माप पडूं लागलें. या विषमतेचा एक उत्तम अभ्यास आपल्याच देशांत झाला आहे. बंगालमधील एका ताग-गिरणींतील २१३ पुरुषांचा आहार, वजन व श्रम यांची तुलना जाँ मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केली. मध्यम ते जड काम करणाऱ्यांत श्रम वाढले तसा आहार वाढलेला आढळला, आणि वजन सारखें राहिलें होतें. परंतु अगदीं बैठें काम करणाऱ्यांचा आहार श्रमांच्या मानानें उतरलेला नव्हता. ते हलकें काम करणाऱ्यांपेक्षां अधिकच खात होते, आणि तेच सर्वांत वजनदार होते. भूक ही श्रमांची विश्वासू हिशेबनीस आहे असें आपण मानतों. पण श्रम एका मर्यादेखालीं गेले म्हणजे ती हिशेब सोडून देते, असा याचा इत्यर्थ आहे. त्याच सुमारास लंडनमध्यें जेरी मॉरिस यांनीं दुमजली बसचे बसून राहणारे चालक व दिवसभर जिने चढणारे वाहक यांची तुलना केली, तेव्हां वाहकांत हृदयविकार स्पष्टपणें कमी दिसला. आणि गणवेशाचीं मापें तपासतां चालकांच्या विजारी कमरेस अधिक रुंद निघाल्या.

आमच्या प्रांतांत या प्रश्नास आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यासच उलगडला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बालकांचें ३.५ किलो. पण हीं लहानशीं बालकें मांसानें जितकीं उणीं होतीं तितकीं मेदानें उणीं नव्हतीं. २००४ सालीं याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनीं स्वतःचीच मापें छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, परंतु युडकिन यांच्या देहांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, आंतून मेदयुक्त, असा हा आमचा देह आहे. पिढ्यान् पिढ्यांची उपासमार त्याच्या घडणीस कारण झाली असावी असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. म्हणूनच भारतीयांसाठीं २००९ सालीं ठरविलेल्या मर्यादा युरोपीयांपेक्षां खालीं आहेत: निर्देशांक २३ च्या वर गेला कीं वजन अधिक, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढें गेला कीं धोका. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत स्थौल्य २८.६ टक्के प्रौढांत, पण पोटाचें स्थौल्य ३९.५ टक्क्यांत आढळलें. कांटा ज्यांस निर्दोष ठरवितो त्यांतील पुष्कळांस शिंप्याची फीत दोषी ठरविते, असा त्या दोन आंकड्यांमधील अंतराचा अर्थ आहे.

आतां निवडीचा प्रश्न. वजन उतरविण्याच्या कामीं आहार प्रधान आणि व्यायाम सहायक, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. साठ-सत्तर किलो वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालला तर अडीचशें ते तीनशें कॅलरी खर्ची पडतात. परततांना नाक्यावर एक वडापाव खाल्ला कीं जमा-खर्च जवळजवळ बरोबर होतो. चार कप चहांतील आठ चमचे साखर म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. दिवसभराच्या सर्व वरकड साखरेसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलेली इष्ट मर्यादा सुमारें २५ ग्रॅम आहे. म्हणजे मिठाईस हात न लावतांच ती ओलांडली जाते. भाकरीचा महिमा गाणारे पुष्कळ आहेत, आणि तेलावांचून होणारी, कोंडा राखणारी भाकरी चांगलीच. परंतु ज्वारीच्या व गव्हाच्या पिठांत उष्मांक जवळजवळ सारखेच असतात, आणि चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच राहतात. आपल्या ताटांतील खरा दोष धान्याच्या जातींत नसून प्रमाणांत आहे. २०२५ सालच्या राष्ट्रीय पाहणींत भारतीयांच्या आहारांतील सुमारें ६२ टक्के उष्मांक पिष्ट व शर्करायुक्त पदार्थांचे निघाले. यास्तव पोळी वा भात निम्म्यावर आणून ती जागा उसळ, डाळ, ताक, अंडें, मासळी व पालेभाजी यांस द्यावी, हा उपाय महाग पथ्यांपेक्षां टिकाऊ आहे. मूग, कुळीथ व ताक यांची आठवण चरकानें करून दिलीच आहे.

मग व्यायाम कशासाठीं? उतरलेलें वजन पुन्हां चढूं नये यासाठीं, आणि वजन न उतरलें तरी हृदय, रक्तशर्करा व झोंप सुधारते यासाठीं. खाणें कमी केलें म्हणजे मेदाबरोबर मांसही झिजतें. आणि आमच्या देहांत मांस मुळांतच उणें. म्हणून केवळ चालण्यावर भागत नाहीं. स्नायूंस ताण देणारा व्यायाम हवा. भारतीय तज्ज्ञांनीं २०१२ सालीं रोज साठ मिनिटांचें प्रमाण सुचविलें: तीस मिनिटें दमश्वास वाढविणारा व्यायाम, पंधरा मिनिटें कामाच्या ओघांतील हालचाल, आणि पंधरा मिनिटें स्नायूंच्या बळकटीसाठीं. सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका या तिसऱ्या सदरांत आजही उत्तम बसतात, आणि त्यांस वर्गणी पडत नाहीं. जुनी विद्या टाकून द्यावयाची नाहीं. तिच्यामागून येणारा खुराक तेवढा टाकावयाचा आहे. २०२५ सालीं भूक मंदावून वजन उतरविणारीं नवीं इंजेक्शनें आपल्या देशांत आलीं आहेत. वैद्याच्या देखरेखीखालीं कित्येकांस त्यांचा मोठा उपयोग होईल; पण तीं थांबविलीं कीं उतरलेलें वजन बरेंचसें परत येतें, असा अनुभव आहे. पेनिसिलीनचा क्रम संपला म्हणजे रोग संपतो. हा रोग तशा जातीचा नाहीं.

सर्वांत अवघड निवड ताटाबाहेरची आहे. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतून व घाटमाथ्यावरून कितीएक कुटुंबें या नगरींत आलीं. ज्या बाईनें कामावर मिळालेली सुकडी लेंकरांत वांटून दिली, ती आज आजी होऊन नातवास 'आणखी एक पोळी घे' असा आग्रह करते. तो आग्रह म्हणजे तिच्या आयुष्यांतील सर्वांत मोठ्या भयावरचा विजय आहे. त्यास अज्ञान म्हणून हिणविणें हा कृतघ्नपणा होईल. उरलेलें अन्न टाकवत नाहीं म्हणून तें स्वतः संपविणारी गृहिणी, पाळ्या बदलल्यामुळें रात्रीं दोन वाजतां जेवणारा कामगार, पदपथच नसल्यामुळें चालूं न शकणारा वृद्ध, या सर्वांस 'इच्छाशक्ति कमी पडते' असें सांगून मोकळें होतां येत नाहीं. उपाहारगृहानें थाळीचें माप श्रमांप्रमाणें बदलावें, नगरपालिकांनीं पायीं चालणाऱ्यास व सायकलीस निर्भय वाट द्यावी, आणि घरच्या पुरुषांनीं सकाळच्या कामांतील अर्धा तास स्त्रियांस व्यायामासाठीं मोकळा करून द्यावा. हीं पथ्याइतकींच आरोग्याचीं साधनें आहेत.

आमच्या पूर्वजांपुढें दौर्बल्याचा प्रश्न होता. त्यांनीं त्यास आपल्या काळाचें उत्तर दिलें. आणि तें देतांना सँडोचे डंबेल्स असोत कीं नमस्कार, जें उपयुक्त दिसलें तें पारखून घेतलें. त्यांचें अनुकरण करावयाचें तर त्यांच्या खुराकाचें न करतां त्या पारखण्याचें करावें. आग्रहानें वाढण्यांत जें प्रेम होतें तेंच आतां अर्ध्या पोळीवर थांबूं देण्यांत आणि जेवणानंतर दोघांनीं मिळून चार पावलें चालण्यांत असूं शकतें, हें आमच्या घरांनीं ओळखलें, तर या उद्योगनगरीनें पायांनीं चुकविलेलें मोल थोडेंबहुत तरी परत मिळेल.